अकरा ते एकोणीस या संख्यांची बेरीज-वजाबाकी लहान मुलांना कशी शिकवावी

दहापर्यंतच्या बेरजा-वजाबाक्या बोटांवर बिनचूक करणारे मूल ८ + ५ समोर आले की अडखळते. दोन्ही हातांची बोटे संपलेली असतात, उरलेले कुठे मोजायचे हे कळत नाही, आणि मग ते अंदाजाने काहीतरी उत्तर सांगून मोकळे होते. वजाबाकीत ही अडचण आणखी ठळक दिसते. १३ − ५ करताना तीनातून पाच जात नाहीत, म्हणून अनेक मुले पाचातून तीन काढतात, शेजारचा एक तसाच खाली उतरवतात आणि १२ असे उत्तर लिहितात. मुलाचे लक्ष नाही किंवा त्याला गणित जमत नाही, असा याचा अर्थ नव्हे. तेरा या संख्येत एक अख्खा दहा दडलेला आहे, हे त्याला अजून दिसलेले नाही, एवढाच त्याचा अर्थ आहे.

केंद्र सरकारने ५ जुलै २०२१ रोजी सुरू केलेल्या निपुण भारत अभियानात पहिलीच्या अखेरीस मुलाने ९९ पर्यंतच्या संख्या वाचाव्यात, लिहाव्यात आणि साध्या बेरजा-वजाबाक्या कराव्यात, अशी अपेक्षा ठेवलेली आहे. ९९ हा आकडा पाहिला की पालकांची आणि नव्या शिक्षकांची घाई सुरू होते आणि अकरा ते एकोणीस हा टप्पा चार-सहा दिवसांत उरकला जातो. माझ्या मते याच टप्प्यावर सर्वांत जास्त वेळ द्यायला हवा, कारण दशक म्हणजे काय, दशक सुटा करणे म्हणजे काय आणि दहा ओलांडून पुढे किंवा मागे जाणे म्हणजे काय, या तिन्ही गोष्टी मूल प्रथम येथेच शिकते. सहा ते आठ वर्षांच्या मुलांना घरी शिकवू पाहणारे पालक आणि पहिली-दुसरीचा वर्ग नव्याने हाती घेतलेले शिक्षक यांच्यासाठी पुढील पायऱ्या मांडल्या आहेत.

सुरुवात करण्यापूर्वी काय पाहावे

मुलासमोर वीस चिंचोके ठेवावेत आणि ते मोजायला सांगावेत. प्रत्येक चिंचोक्याला हात लावून एकेकच संख्या उच्चारली जाते का, एखादा सुटतो का, एखादा दोनदा मोजला जातो का, हे शांतपणे पाहावे. मोजून झाल्यावर तेच चिंचोके विस्कटून पुन्हा पसरवावेत आणि "आता किती आहेत?" असे विचारावे. मूल पुन्हा पहिल्यापासून मोजू लागले, तर मांडणी बदलली तरी संख्या बदलत नाही ही समज अजून पक्की व्हायची आहे, असे मानावे आणि काही दिवस मोजण्याच्या खेळांतच घालवावेत.

दुसरी पूर्वतयारी दहाच्या जोड्यांची आहे. १ आणि ९, २ आणि ८, ३ आणि ७, ४ आणि ६, ५ आणि ५ या जोड्या मुलाला न मोजता सांगता आल्या पाहिजेत. दहा चिंचोके घ्यावेत, त्यांतले काही वाटीखाली लपवावेत आणि बाहेर उरलेले पाहून आतले किती हे विचारावे. हा खेळ मुलांना फार आवडतो, आणि रोज पाच-सात मिनिटे खेळला की जोड्या आपोआप पाठ होतात. याच खेळात पाच, सहा, सात या लहान संख्याही फोडून पाहाव्यात, म्हणजे पाच हे दोन आणि तीनही असतात, चार आणि एकही असतात, हे मुलाच्या अंगवळणी पडते. पुढच्या सगळ्या पायऱ्या या दोन गोष्टींवर उभ्या आहेत: दहाला किती कमी आणि लहान संख्या कशी फुटते. त्या पक्क्या नसतील तर पुढे जाण्यात अर्थ नाही.

साहित्य

खराट्याच्या काड्या किंवा आइसक्रीमच्या कांड्या, काही रबरबँड, मूठभर चिंचोके आणि पुठ्ठा एवढे पुरेसे आहे. अंड्यांचा कागदी ट्रे मिळाला तर फारच उत्तम. त्यात पाच-पाच खळग्यांच्या सहा ओळी असतात. दोन-दोन ओळींचे तुकडे कापले की एका ट्रेमधून दहा खळग्यांच्या तीन चौकटी तयार होतात. चौकट भरली की दहा झाले आणि किती खळगे रिकामे आहेत त्यावरून दहाला किती कमी, हे एका दृष्टिक्षेपात कळते. वरची ओळ पाचाची असल्याने सहा, सात, आठ या संख्याही पाच आणि एक, पाच आणि दोन, पाच आणि तीन अशा ओळखू येतात. ट्रे नसेल तर पुठ्ठ्यावर पाच-पाच चौकोनांच्या दोन ओळी आखल्या तरी तेच काम होते. महागडे संच विकत घेण्याची गरज नाही. बोर्डीला १९४५ साली ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू करणाऱ्या ताराबाई मोडक आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनी परिसरात मिळणाऱ्या वस्तूंमधूनच शिक्षणाची साधने उभी केली होती, आणि गणिताच्या या टप्प्याला तर ती वाट विशेष लागू पडते, कारण काड्यांचा गठ्ठा बांधता येतो आणि सोडताही येतो, जे प्लॅस्टिकच्या अखंड दशक-दांड्याच्या बाबतीत शक्य नसते.

पहिली पायरी: दहाचा गठ्ठा

मुलाला चौदा काड्या मोजायला द्याव्यात. मोजून झाल्यावर त्यांतल्या दहा वेगळ्या काढून त्यांना रबर लावायला सांगावे. हे काम मुलानेच करावे, आपण तयार गठ्ठा हातात देऊ नये. स्वतः मोजून बांधलेल्या गठ्ठ्यावर मुलाचा जसा विश्वास बसतो, तसा दुसऱ्याने दिलेल्या गठ्ठ्यावर बसत नाही. मग विचारावे, "आता एकूण काड्या किती?" सुरुवातीला पुष्कळ मुले रबर लावलेल्या काड्याही एकेक करून पुन्हा मोजतात. मोजू द्यावे. दोन-तीन दिवसांत ती स्वतःच गठ्ठ्यावर हात ठेवून "दहा" म्हणतात आणि सुट्या काड्यांवर बोट ठेवत "अकरा, बारा, तेरा, चौदा" असे पुढे जातात. हा बदल दिसला की पहिली पायरी पार पडली असे समजावे.

येथे संख्यांच्या नावांविषयी थोडे थांबले पाहिजे. चिनी भाषेत अकराला "दहा एक" आणि बाराला "दहा दोन" अशा अर्थाची नावे आहेत, त्यामुळे संख्येची रचना मुलाला नावातच ऐकू येते. मराठीतल्या अकरा, बारा, तेरा या नावांत दहा तसा ऐकू येत नाही, आणि चौदामध्ये तर चारचा भास आधी होतो, म्हणून काही मुले चौदा ऐकून ४१ लिहितात. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसला "वीस एक" म्हणण्याची पद्धत आली, तेव्हा महाराष्ट्रभर मोठा वाद झाला. गणित विषयाच्या समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी जोडाक्षरयुक्त आणि उलट क्रमाची संख्यानामे मुलांना जड जातात, अशी भूमिका मांडली होती. त्या वादात कोणाचीही बाजू घेतली, तरी अकरा ते एकोणीससाठी घरात आणि वर्गात एक साधा उपाय करता येतो. काही आठवडे दोन्ही नावे शेजारी-शेजारी उच्चारावीत: "तेरा, म्हणजे दहा आणि तीन", "सतरा, म्हणजे दहा आणि सात". परदेशात वाढणाऱ्या मराठी मुलांनाही याचा उपयोग होतो, कारण त्यांच्या कानावर शाळेत थर्टीन आणि थर्टी ही जवळजवळ सारखीच नावे पडत असतात, आणि "दहा आणि तीन" या शब्दांनी घोटाळा मिटतो.

एकोणीस मात्र वेगळा आहे, कारण त्याचे नाव पुढच्या विसाकडे बोट दाखवते. म्हणून तो सर्वांत शेवटी घ्यावा. दोन चौकटींत एकोणीस चिंचोके भरले की एकच खळगा रिकामा राहतो, आणि "विसाला एक कमी" हे मुलाला समोरच दिसते.

संख्या लिहिताना पुठ्ठ्याची एक जुनी युक्ती फार कामाला येते. एदुआर सेगँ या फ्रेंच डॉक्टरांच्या कामावरून मारिया माँटेसरी यांनी जी फळी वापरात आणली, तिच्यावर १० हा आकडा ओळीने छापलेला असतो आणि त्यातल्या शून्यावर १ ते ९ यांपैकी एकेक अंकाचे कार्ड सरकवले जाते. आपण १० लिहिलेले रुंद कार्ड आणि त्याच्या निम्म्या रुंदीची अंकांची कार्डे करावीत. शून्यावर ४ चे कार्ड ठेवले की १४ दिसतात. कार्ड उचलले की खाली शून्य असते, म्हणजे १४ मधला १ हा खरे तर दहा आहे, हे मुलाच्या लक्षात येते. "दहा आणि चार" ऐकून १०४ लिहिणाऱ्या मुलांची चूकही याच कार्डांनी दुरुस्त होते. देवनागरीत ३ आणि ६ हे अंक एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमेसारखे दिसत असल्यामुळे १३ आणि १६ यांची अदलाबदल पुष्कळ दिवस चालते. ती लेखनातली अडचण आहे. संख्येच्या समजुतीशी तिची गल्लत करून मुलाचे उत्तर चूक ठरवू नये.

दुसरी पायरी: दहाला धक्का न लावता

आधी १० + ३, १० + ७ यांसारखी उदाहरणे घ्यावीत, नंतर १३ − ३ आणि १७ − १० यांसारखी. गठ्ठा आणि सुट्या काड्या समोर असतील, तर यांत मोजण्यासारखे काहीच उरत नाही. उत्तर न मोजता, पाहताक्षणी यायला लागले पाहिजे.

मग १२ + ४ आणि १७ − ३ यांकडे वळावे. गठ्ठा बाजूला आहे, त्याला हात लावायचा नाही. सुट्या दोनांत चार मिळवायचे किंवा सुट्या सातांतून तीन काढायचे, की काम झाले. येथे एक गोष्ट मुलाच्या तोंडून वदवून घ्यावी: २ + ४ = ६ हे त्याला आधीच माहीत आहे, तर १२ + ४ = १६ हेही त्याला माहीतच आहे, केवळ शेजारी एक गठ्ठा जास्त आहे. पाटीवर ही दोन उदाहरणे एकाखाली एक लिहून ठेवली, की मुले पुढच्या जोड्या स्वतःच तयार करू लागतात.

मूल मनात मोजत असेल, तर आपल्याकडची "मोठी संख्या मनात, लहान बोटांवर" ही पद्धत योग्यच आहे, पण तिच्यात एक ठरलेली चूक होते. १२ + ३ करताना मूल पहिल्या बोटाला "बारा" म्हणते, पुढे "तेरा, चौदा" म्हणते आणि उत्तर १४ सांगते. बारा हे आधीच आपल्याजवळ आहेत, त्यांना बोट द्यायचे नाही, हे शब्दांनी सांगून फारसे समजत नाही. त्याऐवजी "बारा" म्हणताना मुलाने हात छातीवर ठेवावा आणि त्यानंतरच पहिले बोट उघडून "तेरा" म्हणावे. अंगणात खडूने ० ते २० ची पट्टी आखली, तर हीच चूक उड्यांनी सुधारता येते: मूल बारावर उभे असते, तेथे उडी मारलेली नसते, आणि तीन उड्या मारल्यावर ते आपोआप पंधरावर येते. ३ + १२ असे उदाहरण दिल्यावर मूल तीनापासून पुढे बारा मोजत बसले, तर चिंचोक्यांचे दोन ढीग फक्त इकडचे तिकडे करून दाखवावेत. बेरजेत क्रम बदलला तरी उत्तर तेच येते, म्हणून सुरुवात मोठ्या संख्येपासून करणे सोयीचे असते, हे त्यातून कळते.

तिसरी पायरी: दहा ओलांडणारी बेरीज

हा या टप्प्याचा गाभा आहे. ८ + ५ घ्यावे. एका चौकटीत आठ चिंचोके ठेवावेत, दुसऱ्या चौकटीत पाच. पहिल्या चौकटीत दोन खळगे रिकामे आहेत, हे मुलाला दिसते. "ही चौकट भरायला किती लागतील? ते कुठून आणता येतील?" एवढेच दोन प्रश्न विचारावेत आणि थांबावे. पाचातले दोन उचलून मूल पहिली चौकट भरते, दुसरीत तीन उरतात, आणि दहा आणि तीन म्हणजे तेरा, हे तर मागच्या पायरीवरच पक्के झालेले असते. पाटीवर हे ८ + २ + ३ = १३ असे लिहावे. हे लेखन चौकटीच्या कामानंतर यावे, आधी येऊ नये. अनुभव, मग बोलणे, मग चित्र आणि सर्वांत शेवटी चिन्ह, हा क्रम लहान मुलांच्या गणितात मोडू नये.

दोन एक-अंकी संख्यांची बेरीज दहाच्या पुढे जाते, अशी उदाहरणे असंख्य असावीत असे पालकांना वाटते. क्रम बदलून येणारी उदाहरणे एकच धरली, तर त्या जोड्या केवळ २० आहेत. त्यांतल्या आठ जोड्यांत ९ येतो: ९ + २ पासून ९ + ९ पर्यंत. नवाला दहा व्हायला एकच हवा असतो, म्हणून त्या सर्वांत आधी घ्याव्यात. दुसऱ्या संख्येतला एक नवाला दिला की उरलेले तेवढे दहाच्या पुढे जातात. नंतर आठाच्या सहा जोड्या, ८ + ३ पासून ८ + ८ पर्यंत. एवढ्यात वीसपैकी चौदा जोड्या संपतात. राहिलेल्या सहा म्हणजे ७ + ४, ७ + ५, ७ + ६, ७ + ७, ६ + ५ आणि ६ + ६. या क्रमाने गेले, तर मुलावर पाठांतराचे ओझे पडत नाही आणि आपल्यालाही नेमके कुठे अडले ते कळते.

मराठी घरांत आणखी एक भांडवल तयार असते. बेचा पाढा म्हणणाऱ्या मुलाला बे सक बारा, बे साती चौदा, बे आठी सोळा, बे नवे अठरा हे तोंडपाठ असते, पण ६ + ६ म्हणजेच बे सक, हे त्याला कोणी दाखवलेले नसते. दोन्ही चौकटींत सहा-सहा चिंचोके ठेवून पाढ्याची ती ओळ म्हणायला लावावी. सारख्या संख्यांच्या बेरजा आल्या की शेजारच्या बेरजाही येतात: ६ + ७ म्हणजे बारा आणि आणखी एक. पाढ्यातल्या ओळीला असा अर्थ मिळाला की पाढे म्हणण्याचा मुलांचा उत्साह वाढतो, हे मी वारंवार पाहिले आहे.

एखादे मूल ७ + ५ करताना सातात तीन घालण्याऐवजी पाच आणि पाच दहा करून उरलेले दोन मिळवते. ते अगदी बरोबर आहे. आपण सांगितलेली रीत सोडून वेगळी रीत वापरली म्हणून त्याला थांबवू नये. उलट "कसे केलेस ते सगळ्यांना सांग" असे म्हणावे. उत्तर चूक आले तरी हाच प्रश्न विचारावा, कारण मुलाच्या सांगण्यात चूक कुठे झाली ते जवळजवळ नेहमीच उघड होते.

चौथी पायरी: गठ्ठा सोडून वजाबाकी

बेरजेपेक्षा येथे दुप्पट वेळ लागेल, असे आधीच धरून चालावे. १३ − ५ हेच उदाहरण घेऊ. मुलीसमोर एक गठ्ठा आणि तीन सुट्या काड्या आहेत.

"मला पाच काड्या दे."

ती तिन्ही सुट्या काड्या देते आणि थांबते. "सुट्या संपल्या, बाई."

"मग आता?"

ती गठ्ठ्याकडे पाहते. हात पुढे करते, मागे घेते. "रबर काढू?"

"काढ की."

रबर निघते, काड्या जमिनीवर पसरतात, ती त्यांतल्या दोन उचलून देते आणि उरलेल्या आठ मोजते.

या दोन मिनिटांत मुलीने जे केले, त्यातच हातचा घेण्याची सगळी कल्पना आहे. बाईंनी "शेजाऱ्याकडून उसना घे" असे काही सांगितले नाही. सुटे अपुरे पडले म्हणून दशक सुटा केला, ही गरज तिला स्वतःला जाणवली. नंतर तिला फक्त एवढे विचारावे: "आधी किती दिल्यास? मग किती?" तीन आणि दोन हे तिने सांगितले की पाटीवर १३ − ३ − २ = ८ असे लिहावे. आधी दहापर्यंत खाली यायचे आणि मग दहाच्याही खाली जायचे, अशी ही रीत आहे, आणि पाच हे तीन आणि दोन असे फोडता येणे येथे किती आवश्यक आहे, ते आता दिसेल.

दुसरे मूल वेगळे करते. ते सुट्या काड्यांना हातच लावत नाही, सरळ गठ्ठा सोडून त्यातल्या पाच काड्या देते. गठ्ठ्यातल्या पाच उरतात, सुट्या तीन असतातच, म्हणून आठ. दहाच्या जोड्या ज्यांच्या पक्क्या झाल्या आहेत, अशा मुलांना ही रीत अधिक सोपी जाते, विशेषतः १२ − ९ किंवा १४ − ८ यांसारख्या उदाहरणांत, कारण दहातून नऊ गेले तर एक आणि तो दोनात मिळवला की तीन, एवढेच करावे लागते. दोन्ही रीती वर्गात दाखवाव्यात आणि निवड मुलांवर सोडावी.

तिसरी रीत उलटी बेरीज करण्याची आहे. १३ − ९ साठी "नऊ मनात, तेरा व्हायला किती?" असे विचारले की मूल चार बोटे मोजून उत्तर देते. काढून टाकायची संख्या मोठी असेल तेव्हा ही रीत सर्वांत जवळची पडते. लहान असेल, उदाहरणार्थ १२ − ३, तेव्हा तीन पावले मागे मोजणे पुरते. मागे मोजण्यासाठी वीसापासून उलटे आकडे म्हणण्याचा सराव हवा. तो नसेल तर मुले अठरानंतर अडतात किंवा बारानंतर थेट दहावर येतात.

सुरुवातीला दाखवलेली चूक, म्हणजे १३ − ५ = १२ लिहिण्याची, काड्या हातात असताना सहसा होत नाही. ती कागदावर आणि बहुधा उभ्या मांडणीतच होते. एक अंक दुसऱ्या अंकाखाली लिहिला की मुलाला तेरा दिसेनासे होतात आणि केवळ ३ आणि ५ हे दोन अंक दिसतात, मग मोठ्यातून लहान वजा करण्याची सवय आपले काम करते. म्हणून अकरा ते एकोणीसच्या वजाबाक्या बराच काळ आडव्या मांडणीतच ठेवाव्यात, असे माझे ठाम मत आहे. शाळेच्या वहीत उभी मांडणी आधीच सुरू झाली असेल, तर घरी प्रत्येक उदाहरणासाठी काड्या मांडून आधी उत्तर काढावे आणि मगच ते वहीत उतरवावे. हातचा हा शब्द गठ्ठा सोडण्याच्या कृतीला जोडूनच वापरावा.

दोन्ही संख्या दहाच्या पुढच्या असतील तेव्हा

१८ − १२ हे उदाहरण दिसायला अवघड असले तरी काड्यांनी सोपे होते: एक गठ्ठा दिला, दोन सुट्या दिल्या, सहा उरल्या. येथे फरकाचाही विचार आणावा. एका ओळीत अठरा चिंचोके आणि तिच्या खाली बारा चिंचोके जोडीने मांडले की वरच्या ओळीत सहा उघडे राहतात. १२ + १४ यांसारख्या बेरजा वीस ओलांडतात. दोन गठ्ठे आणि सहा सुट्या, म्हणजे सव्वीस, एवढे दाखवून पुढचा विषय पुढच्या वेळेसाठी ठेवावा.

शाब्दिक उदाहरणे

ही शेवटी देण्याची गोष्ट नसून पहिल्या दिवसापासून सोबत चालवण्याची आहे. "एसटीत तेरा माणसे होती, पाच उतरली" हे काढून टाकण्याचे उदाहरण झाले. "ताईकडे चौदा सागरगोटे आहेत, तुझ्याकडे नऊ, तिच्याकडे किती जास्त?" हे तुलनेचे. "चिक्की पंधरा रुपयांना आहे, तुझ्याजवळ आठ रुपये आहेत, आणखी किती हवेत?" हे भर घालण्याचे. तिन्ही ठिकाणी वजाबाकीच आहे, पण मुलाला ती तिन्ही निराळी वाटतात. केवळ उतरणे, खाणे, हरवणे याच प्रकारची उदाहरणे दिली, तर "किती जास्त" या शब्दांमधले "जास्त" ऐकून मूल बेरीज करून टाकते. शब्दांवरून क्रिया ओळखण्याच्या क्लृप्त्या शिकवू नयेत. त्याऐवजी प्रसंग चिंचोक्यांनी मांडायला सांगावा किंवा चित्र काढायला सांगावे. दुकान-दुकान खेळताना दहाची एक नोट आणि एक रुपयाची नाणी वापरली, तर नोट मोडून सुटे घेणे आणि गठ्ठा सोडणे या एकाच गोष्टी आहेत, हे खेळता खेळता समजते.

सराव किती आणि कसा

रोज पंधरा-वीस मिनिटे पुरेत. रविवारी दोन तास बसवून पन्नास उदाहरणे सोडवून घेतल्याने काही साधत नाही. पत्त्यांच्या कॅटमधले एक्का ते नव्वा घेऊन दोन पाने उलटावीत आणि बेरीज सांगावी. ज्याची बेरीज जास्त त्याची पाने. थोडे पुढे गेल्यावर एक खेळाडू दोन पानांची बेरीज आणि त्यांतले एक पान दाखवतो, दुसऱ्याने झाकलेले पान ओळखायचे, अशी वजाबाकीही होते.

बोटे वापरू देण्याबाबत पालक फार अस्वस्थ असतात. बोटे बंद करायला लावल्याने मूल मनात मोजायला शिकत नाही, फक्त टेबलाखाली मोजायला शिकते. दहाच्या जोड्या आणि वर सांगितलेल्या वीस जोड्या जसजशा अंगात मुरतात, तसतशी बोटांची गरज आपसूक कमी होते. घड्याळ लावून वेग वाढवण्याचा प्रयत्नही या वयात करू नये.

पुढे कधी जावे, हे ठरवायला लेखी परीक्षेची गरज नाही. मुलाला ९ + ६, १७ − ४, १५ − ७ आणि १६ − १४ ही चार उदाहरणे तोंडी विचारावीत आणि प्रत्येक वेळी "कसे केलेस?" हेही विचारावे. पहिल्यात ते दहा पूर्ण करते का, दुसऱ्यात गठ्ठ्याला हात न लावता सुट्यांतून काढते का, तिसऱ्यात गठ्ठा सोडते किंवा पंधरावरून दहावर उतरते का, आणि चौथ्यात चौदा पावले मागे न मोजता दोनांचा फरक ओळखते का, हे ऐकावे. चारही उत्तरे बरोबर असली, पण सगळी एकेक मोजून आलेली असली, तर आणखी काही आठवडे तिसऱ्या आणि चौथ्या पायरीवर राहावे. एखादे उत्तर चुकले, पण सांगण्यात दहाचा आधार ऐकू आला, तर वीस ते नव्व्याण्णवच्या संख्या सुरू करायला हरकत नाही. त्याच काड्या, तेच रबर, फक्त गठ्ठे आता एकाहून अधिक लागतील.